जालन्यात वानुआतूची सलामी

जुन्या जालन्यात रशीद मास्तरांना न ओळखणारा माणूस सापडणं अवघड. तीस-एक वर्षं गुलशन बँडची क्लॅरिनेट त्यांच्या ओठांना लागलेली. निम्म्या शहराच्या वराती त्यांनी मांडवापर्यंत पोचवल्या होत्या, आणि कोणत्या घरचा मामा कोणत्या गाण्यावर नाचायला उतरतो हे त्यांना पाठ होतं. पण आषाढ लागला की बँडला सुट्टी. पप्पू आपला ट्रम्पेट फडक्यात गुंडाळून एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यात पाळ्या करू लागे. भागवत ढोल मास्तरांच्या माळ्यावर टाकून धावड्याला आपल्या वावरात कोळपणीला जाई. मास्तर मात्र दारापाशी बसून क्लॅरिनेटला पुन्हापुन्हा तेल देत राहत, घरातल्यांना कंटाळा येईल इतकं.

अशाच एका जुलैच्या संध्याकाळी त्यांची लेक अर्शिया कामावरून आली. एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत ती बियांची उगवण तपासायचं काम करी. स्कूटी लावली, ओढणी सोडली आणि घरात बोलतात त्या दखनीत तिनं विचारलं, "अब्बा, एक मुलुख का कौमी गाना बजाते क्या?"

"कौनसा मुलुख?"

"वानुआतू."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. मैमूना भाकरी थापत होती. "मेरेकू कायकू देखते?" ती म्हणाली. "मैं जाके आयी क्या वहाँ?"

अर्शियानं मोबाइलवर नकाशा उघडला. तिचं बोट समुद्रावरून सरकत राहिलं. ऑस्ट्रेलिया मागं पडला तरी थांबेना. मग निळ्या पाण्यात एका जागी तिनं नकाशा मोठा केला, तेव्हा परातीत तीळ सांडावेत तसे ठिपके दिसू लागले. ऐंशीच्या वर बेटं. आणि सगळ्या बेटांवरची माणसं एकत्र केली तर जालना शहर भरेल, फार तर थोडी उरतील.

त्या देशाच्या शेतकी खात्याची सहा माणसं भाजीपाल्याच्या बियाण्याचं शिक्षण घ्यायला तीन महिन्यांसाठी कंपनीत आली होती. त्यांच्यात सगळ्यांत मोठी लेइमारा, पन्नाशी ओलांडलेली, धिप्पाड, हसली की सगळं अंग हलणारी बाई. त्या दिवशी चहाच्या सुट्टीत ती अर्शियाला म्हणाली होती, की तीस जुलैला आमचा स्वातंत्र्यदिन, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी त्या दिवशी घरापासून लांब असेन. बोलली अगदी सहज. पण नंतर नळाखाली एकच कप बराच वेळ धूत राहिली.

"साब बोले, हॉल देता मैं, झेंडे भी बनवाता," अर्शिया सांगत होती. "गाना स्पीकर पे लगा देंगे बोले. मैं बोली, स्पीकर नक्को. मेरे अब्बा बजाते."

"बोल भी दी तू?"

"हौ."

 मास्तरांनी तेलाची बाटली बाजूला ठेवली आणि क्लॅरिनेट जोडायला घेतली. मैमूनाला एवढ्यावरून कळायचं ते कळलं.

त्या राष्ट्रगीताची धून अवघड नव्हती. पावलाला पाऊल लावत जाणारी, मोकळी, चढती चाल. पप्पूनं कारखान्यातून आल्यावर, अंगावरचे कपडेही न बदलता, तोंडानंच ती पकडली. भागवत दुसऱ्या दिवशी धावड्याहून एसटीनं आला, तो कुरकुरतच.

"मास्तर, कोळपं अर्ध्या वावरात सोडून आलो. एवढ्या पावसाळ्यात कोणाचं लगीन निघालं?"

"एका देशाचं हाय."

"मंग वरात लांबची दिसती," भागवत म्हणाला आणि माळ्यावरून ढोल उतरवायला गेला.

दोन संध्याकाळी तालीम झाली आणि गाणं बसलं. बसलं म्हणजे असं, की गल्लीतली माणसं दुकानांच्या फळ्यांवर येऊन उभी राहिली. मास्तरांनी त्यात आपली सगळी करामत ओतली. सुरुवातीला लांब आलाप, मध्ये गिरक्या, आणि शेवटी क्लॅरिनेट अशी उंच नेली की पप्पूही ट्रम्पेट खाली घेऊन बघत राहिला. अर्शियानं ते मोबाइलवर टिपलं आणि सकाळी लेइमाराला ऐकवायला घेऊन गेली.

संध्याकाळी मास्तर दारातच उभे होते. "क्या बोली वो?"

"अच्छा है बोली. शुक्रिया बोली."

"बस?"

"बस."

मास्तर आत जाऊन बसले. तीस वर्षं लोकांचे चेहरे बघत वाजवलेला माणूस तो. दाद कोणती आणि सभ्यपणा कोणता, हे त्यांना न बघताही कळत असे. जेवताना ते एवढंच म्हणाले, "इतवार कू उन लोगाँ कू घर कू बुला."

रविवारी सकाळी दोन ऑटो भरून सहाही पाहुणे गल्लीत उतरले. भागवत आणि पप्पूलाही मास्तरांनी बोलावून घेतलं होतं. मैमूनानं खिचडी, खिमा आणि चिंचेचा खट्टा केला होता. खट्ट्यात तिनं मुद्दाम ओलं खोबरं वाटून घातलं होतं, बेटावरची माणसं म्हणून. लेइमारानं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि मैमूनाचा हात आपल्या हातात धरून ठेवला. जाँ नावाचा एक अबोल, चाळिशीतला माणूस भिंतीला टेकून बसला होता. खट्ट्याची वाटी मात्र त्यानं तीनदा पुढं केली.

हात धुऊन झाल्यावर मास्तरांनी विषय काढला. ते मराठीत बोलले, कारण बँडची माणसं समोर होती. अर्शिया इंग्रजीत सांगत गेली.

"बाई, मी वाजवलं त्यात काय चुकलं? खरं सांगा. मला राग येत न्हाई."

लेइमारा जरा अवघडली. मग म्हणाली, "चुकलं काहीच नाही. फार सुंदर होतं. मी ऐकत राहिले. पण मला त्याबरोबर गाता येईना. ते इतकं उंच होतं, की माझा गळा तिथवर पोचत नव्हता. तुमचं वाद्य पाखरासारखं उडून गेलं आणि मी खालीच राहिले. हे गाणं आम्ही कधी ऐकत नाही, मास्तर. आम्ही ते म्हणतो."

मास्तर मान खाली घालून ऐकत होते.

"त्याचा पहिला शब्दच तसा आहे," लेइमारा पुढं म्हणाली. "युमी."

"युमी म्हणजे?"

अर्शिया अडली. "हम," ती म्हणाली. लेइमारानं इंग्रजीत आणखी काही सांगितलं, तशी ती आणखीच अडली. "अब्बा, इनो बोलते, उनकी जुबान में दो हम हैं. एक म्हणजे आम्ही लोक, पण तुम्ही त्यात नाही. तो शब्द वेगळा आहे, मिफाला. आणि दुसरा..." ती शब्द शोधू लागली. "उर्दूत तर एकच आहे. इंग्रजीतही एकच."

"ह्यात काय अवघड हाय?" भागवत पानाला चुना लावत म्हणाला. "एक आम्ही अन् एक आपण."

अर्शिया त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं लेइमाराला समजावलं. आम्ही जेवतो म्हटलं तर पाहुणा दारात उभाच राहतो. आपण जेवू म्हटलं की तो पाटावर येऊन बसतो. लेइमारानं दोन्ही शब्द तोंडात घोळवून पाहिले. "आमी. आपन." मग भागवतच्या मांडीवर अशी थाप मारली की त्याच्या पानाचा चुना सांडला.

आणि मग ती सांगत बसली.

तिच्या लहानपणी त्या बेटांवर एकाच वेळी दोन सरकारं होती, इंग्रजांचं आणि फ्रेंचांचं. दोन पोलीस, दोन कायदे, दोन तुरुंग. तिच्या बापानं विचार केला की शेवटी कोणता साहेब टिकेल कोण जाणे, म्हणून मोठ्या मारीला फ्रेंच शाळेत घातलं आणि लेइमाराला इंग्रजी. दोघी बहिणी एका चटईवर झोपायच्या, पण एकीचं पुस्तक दुसरीला वाचता यायचं नाही. घरातली बोली घरापुरती. होडीनं पलीकडच्या बेटावर गेलं की ती कुणाला कळत नसे. अशा शंभराच्या वर बोल्या. या सगळ्यांना जोडणारी एकच भाषा होती, बिसलामा. मळ्यांवरच्या आणि जहाजांवरच्या मजुरांच्या तोंडून घडलेली. दोन्ही साहेब तिला हसायचे. ही भाषाच नव्हे, मोडतोड आहे, म्हणायचे.

"आपल्या दखनीला लखनौवाले हसतात तसं," मास्तर म्हणाले.

"अन् आमच्या बोलण्याला पुण्यात," भागवत म्हणाला.

"मग १९८० साली देश झाला," लेइमारा म्हणाली. "सगळ्यांचं गाणं कोणत्या भाषेत करायचं? त्या मोडक्या भाषेत केलं. मी बापाच्या खांद्यावर होते. गाणं सुरू झालं आणि मी खाली पाहिलं तर मारी गात होती, मीही गात होते, आणि दोघींच्या तोंडात एकच शब्द होते."

तोवर गप्प असलेला जाँ पहिल्यांदा बोलला. त्याचं इंग्रजी तुटक होतं. "सगळे गात नव्हते," तो म्हणाला. "आमच्या बेटावर त्याच साली गोळी चालली होती. पुष्कळांना हा देश नको होता. माझे वडील झेंडावंदनाला जायचे, पण झेंड्याकडे पाठ करून उभे राहायचे. कित्येक वर्षं."

"मंग?" पप्पूनं विचारलं.

"मग मोठं वादळ आलं. घरं गेली, बागा गेल्या. दुसऱ्या बेटांवरून होड्या आल्या, खायला घेऊन. ज्यांची बोली आम्हाला कळत नव्हती, त्यांनी आमच्या घरावर छप्पर घातलं. पुढच्या वर्षी वडील झेंड्याकडे तोंड करून उभे राहिले. कुणी काही विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही."

 मैमूनाला अर्शियानं हळू आवाजात सगळं सांगितलं, तशी ती उठली आणि न विचारता जाँपुढं पुन्हा ताट ठेवून खिचडी वाढून आली.

मास्तरांना आपले दादा, म्हणजे आजोबा, आठवले. दादा तहसील कचेरीपुढं बँडमध्ये वाजवायचे, निजामाच्या राज्यात निजामाची सलामी. देश स्वतंत्र झाला तरी मराठवाड्यात वर्षभर जुनीच सलामी चालू होती. मग पोलीस अॅक्शन झाली आणि एका सकाळी दादांना नवी धून शिकावी लागली. ते म्हणायचे, बोटं दोन दिवसांत शिकली, काळीज शिकायला जरा वेळ लागला. पण एकदा शिकलं ते शिकलं. हे मास्तरांनी मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं. जाँ ते ऐकताना भिंतीचा टेका सोडून पुढं सरकून बसला होता.

पाहुणे गेल्यावर मास्तरांनी बँडला थांबवून घेतलं.

"आलाप काढून टाकायचा. गिरक्या न्हाई. अन् सूर चार पट्ट्या खाली."

"चार?" पप्पू म्हणाला. "मास्तर, बोटं बसलेली हायत माझी. खाली गेलं की ट्रम्पेट घोगरा बोलतो."

"मंग घोगरा बोलू दे. माणसाचा गळा घोगराच असतो."

म्हणायला सोपं, करायला जिकिरीचं. ज्या चालीवर बोटं आपोआप पळत होती, ती आता दर दोन सुरांनी अडखळू लागली. मास्तरांचं स्वतःचंच सगळ्यात अवघड. ओळ संपली की सवयीनं क्लॅरिनेट वर जाऊ बघे आणि त्यांना ती मागं खेचावी लागे. साधं वाजवणं इतकं कठीण असतं, हे त्यांना या वयात कळत होतं. समोरचे कापडवाले काकासाहेब रोज दुकान बंद करताना विचारत, "मास्तर, निघंना का तुमची वरात?" मास्तर मान हलवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. तीस तारीख दोन दिवसांवर आली तेव्हा कुठं पप्पूच्या ट्रम्पेटमधून तो खालचा, भरीव सूर न चिरकता निघाला. त्या संध्याकाळी भागवतनं ढोल खाली ठेवला आणि म्हणाला, "आता बराबर झालं. आता आपल्यालाही म्हणता येईल."

तीस जुलैला सकाळी बँडनं लाल कोट चढवले. पितळेची बटणं मैमूनानं चिंच लावून घासली होती. कंपनीच्या हॉलमध्ये दोन झेंडे शेजारी शेजारी उभे होते. एक आपला तिरंगा. दुसरा लाल आणि हिरवा, त्यात काळा त्रिकोण आणि त्यावर रानडुकराचा वळलेला सुळा. पिवळी रेघ बेटांच्या रांगेसारखी दुभंगत गेलेली. काळा रंग माणसांचा, पिवळा उजेडाचा, हिरवा जमिनीचा, लाल रक्ताचा, असं अर्शियानं वडिलांना आधीच सांगून ठेवलं होतं. मास्तरांनी त्या झेंड्याकडे नीट पाहून घेतलं. ज्याला सलामी द्यायची, त्याची ओळख असलेली बरी.

सहा पाहुणे फुलाफुलांचे कपडे घालून पुढं उभे राहिले. मागं साहेब, प्रयोगशाळेतली माणसं, आणि बी निवडणाऱ्या चाळीस-पन्नास बाया, डोक्याला रुमाल बांधलेल्या तशाच आलेल्या.

आधी आपलं राष्ट्रगीत झालं. मग मास्तरांनी भागवतकडे पाहून मान हलवली.

ढोलावर दोन ठोके पडले आणि धून सुरू झाली. खालच्या पट्टीत, साधी, रुंद. अंगणात बाज टाकून कुणी 'या, बसा' म्हणावं तशी. लेइमारानं तोंड उघडलं आणि गाऊ लागली. बाकीचे पाच तिच्यामागं. दुसऱ्या ओळीवर तिचा आवाज फाटला. तिनं पुन्हा धरायचा प्रयत्न केला, तो पुन्हा फाटला, आणि ती थांबली. क्षणभर नुसता बँडच वाजत राहिला. तेवढ्यात ओळीच्या टोकाला उभ्या असलेल्या जाँनं मान वर केली आणि गाणं उचललं. त्या अबोल माणसाच्या छातीत एवढा आवाज असेल, हे त्याच्याबरोबर आलेल्यांनाही ठाऊक नसावं. दोघांनी वळून पाहिलं.

ध्रुवपदावर आणखी एक आवाज उठला. तो मास्तरांच्या पाठीमागून आला. जाडाभरडा, ओव्या म्हणणाऱ्या बाईचा आवाज, आणि त्याच्यामागं पन्नास बायांचे आवाज. बी निवडणाऱ्या बायांची मुकादम साळूबाई बिसलामात गात होती. उच्चार सगळे जालन्याचे, पण शब्द बरोबर. गेले दोन आठवडे मिरचीचं बी निवडता निवडता लेइमारानं त्यांना ध्रुवपद शिकवलं होतं. मास्तरांना घरी काही सांगायचं नाही, असं साळूबाईनं अर्शियाला बजावून ठेवलं होतं.

 मास्तरांना वळून बघावंसं वाटलं, पण त्यांनी नजर झेंड्यावरून हलवली नाही. शेवटच्या ध्रुवपदाला त्यांनी क्लॅरिनेट ओठांवरून काढली आणि हातानं पप्पूला खूण केली. ट्रम्पेट थांबला. आता नुसता ढोल आणि माणसांचे गळे. हॉलचं पत्र्याचं छप्पर घुमू लागलं. आणि तीस वर्षांत ज्यांनी चार माणसांत कधी तोंडानं एक ओळ म्हटली नव्हती, ते रशीद मास्तर लाल कोटात, छाती भरून, गाऊ लागले.

गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या त्या थांबेनात.  लेइमारानं साळूबाईला उचललंच, अक्षरशः उचललं, आणि साळूबाई हवेतूनच म्हणत होती, "अगं बाई, पडंन ना मी."

अर्शियानं हातातला मोबाइल पुढं केला. पडद्यावर मारी होती. तिकडे दुपार होती, एका गर्दीच्या मैदानात ती डोळे पुसत उभी होती आणि तिच्यामागं ओळखीअनोळखीची माणसं वाकून वाकून बघत होती. सगळं गाणं त्यांनी ऐकलं होतं. मारीनं मोठ्यानं काहीतरी विचारलं. कोणाचा बँड, असं ती विचारत होती हे मास्तरांना सुरावरूनच कळलं. लेइमारानं उत्तर दिलं त्यातला एकच शब्द त्यांना समजला, युमी, आणि तो पुरेसा होता. त्यांनी पडद्याकडे बघून बँडमास्तर करतो तसा कडक सलाम ठोकला. पलीकडून अख्ख्या मैदानानं हात हलवले.

साहेबांनी दुपारपर्यंत सुट्टी जाहीर केली. जाँ भागवतसमोर येऊन उभा राहिला आणि ढोलाकडे बोट दाखवून काहीतरी पुटपुटला. भागवतनं ढोल गळ्यातून काढून त्याच्या गळ्यात अडकवला. "घ्या. जोरात मारा पण. लाजायचं न्हाई."

बँड टेम्पोत चढला तेव्हा पाहुणेही चढले. कुणी बोलावलं होतं असं नाही. एमआयडीसीच्या रस्त्याला लागताच पप्पूनं आपणहून लग्नातलं एक झकास गाणं उचललं. पाळी सुटलेले कामगार मोटारसायकली टेम्पोच्या मागं-पुढं घालून हॉर्न वाजवत चालले. जाँचा हात अजून तालात बसत नव्हता, पण ताकद एवढी होती की ताल त्याच्याकडे येत होता. लेइमारा टेम्पोच्या कठड्याला धरून नाचत होती आणि रस्त्यातल्या प्रत्येकाला हात करत होती.

जुन्या जालन्यात शिरताना गर्दी लागली. धान्याच्या पोत्यांची हातगाडी मध्ये अडकलेली, दोन्ही बाजूंनी ऑटो. एका ऑटोवाल्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, "मास्तर, सीझन सुरू झाला काय? नवरदेव कुठं हाय?"

"आज नवरदेव न्हाई," मास्तर वरून म्हणाले. "आज देश हाय."

ऑटोवाल्याला काही कळलं नाही, पण त्यानं गाडी मागं घेतली. मग त्याच्यामागच्यानंही घेतली. चौकात वाट मोकळी झाली. मास्तर कठड्याला कंबर टेकवून ताठ उभे राहिले, लाल कोटाचं वरचं बटण लावलं आणि पुढच्या गाण्याचा सूर धरला.